पास मार्चमध्ये, बर्फ डिसेंबरात: स्कीइंगच्या खर्चाविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर आणि आसपास नव्याने राहायला गेलेल्या, किंवा जायच्या तयारीत असलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. शेवटी एक प्रश्न स्वित्झर्लंडचा आणि एक भारतात शिकून जाण्याचा आहे. जिथे पासाची किंमत दिली आहे, तिथे ती 2025-26 च्या हंगामाची, विक्री सुरू झाली त्या वेळची आहे.

प्रश्न: ऑगस्टमध्ये पुण्याहून डेन्व्हरला बदली होते आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं, एक दुसरीत आणि एक पाचवीत जाईल. चौघांपैकी कुणीही स्कीइंग केलेलं नाही. ऑफिसातले म्हणतात, सप्टेंबरच्या आत एपिक नाहीतर आयकॉन घेऊन टाका. कोणता घ्यावा?

पहिल्या वर्षी तुम्हा दोघांसाठी दोन्ही नकोत. ऑफिसातले सांगतात ते त्यांच्या हिशोबाने बरोबर आहे, कारण ते वर्षाला पंधरा-वीस दिवस डोंगरावर असतात. तुम्ही नसणार.

एपिक हा व्हेल रिसॉर्ट्स कंपनीचा पास, म्हणजे स्कीच्या डोंगरांवरच्या लिफ्टचं हंगामभराचं तिकीट. तो 2008 पासून आहे आणि कोलोरॅडोत व्हेल, बीव्हर क्रीक, ब्रेकनरिज, कीस्टोन आणि क्रेस्टेड ब्यूट इथे चालतो. आयकॉन हा अल्टेरा कंपनीचा, 2018 पासूनचा. विंटर पार्क, स्टीमबोट, कॉपर, एल्डोरा ही त्याची ठिकाणं. दोन्हींची विक्री मार्चमध्ये, म्हणजे आधीचा हंगाम संपायच्या आतच सुरू होते. पूर्ण एपिक 1,051 डॉलर आणि थोडी बंधनं असलेला एपिक लोकल 783. पूर्ण आयकॉन 1,329 आणि आयकॉन बेस 909. पुढे किंमत टप्प्याटप्प्याने चढते. मे अखेरीस एकदा, सप्टेंबरच्या लेबर डेला एकदा, मग पुन्हा ऑक्टोबरात. डिसेंबरच्या सुरुवातीला एपिकची विक्री बंदच होते. आयकॉनवाले थोडे दिवस जास्त देतात, इतकंच.

आता 783 ला भागून बघा. चार दिवस गेलात तर दिवस 196 डॉलरला पडला, आठ दिवस गेलात तर 98 ला, बारा दिवसांना 65. आठ दिवस कागदावर सोपे वाटतात, महिन्याला दोन शनिवार धरले की झालं. पण डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणं, एखादं आजारपण, एका शनिवारी बंद झालेला रस्ता, हे सगळं वजा करा. नव्या कुटुंबाचे प्रत्यक्षात चार-पाच दिवसच होतात.

आणि त्यातले पहिले दोन-तीन दिवस तुम्ही नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून शंभर पावलं वर जाणार आणि तेवढंच खाली येणार. तेवढ्यासाठी पाच डोंगरांचा पास घेणं म्हणजे गल्लीत सायकल शिकायला एक्सप्रेसवेचा टोल भरणं. शिकणाऱ्यांसाठी धडा, भाड्याचं सामान आणि खालच्या लिफ्टचं तिकीट असं एकत्र पॅकेज मिळतं, ते घ्या. डेन्व्हरपासून साधारण 85 किलोमीटरवर लव्हलँड हा स्कीचा डोंगर आहे. तो कुठल्याच मोठ्या कंपनीचा नाही, गाडी फुकट लावता येते, आणि नवशिक्यांचा भाग मुख्य डोंगरापासून वेगळा असल्यामुळे अंगावर कुणी भरधाव येत नाही. त्यांचं तीन धड्यांचं एक पॅकेज असतं. तिन्ही धडे पुरे केले की त्या हंगामाचा लव्हलँडचा पास त्यातच मिळतो. कुणालाच येत नसलेल्या कुटुंबातल्या मोठ्यांसाठी आमच्या मते हाच सगळ्यात शहाणा सौदा आहे.

मुलांचं गणित मात्र वेगळं. कोलोरॅडोत राहणाऱ्या, बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांना व्हेल कंपनी एपिक स्कूलकिड्स या योजनेत आपल्या राज्यातल्या पाचही डोंगरांवर प्रत्येकी चार दिवस फुकट देते. नोंदणीची मुदत ऑक्टोबरात संपते आणि ती चुकली की चुकली. शाळेची इयत्ता आणि कोलोरॅडोतला पत्ता या दोन्हींचा पुरावा लागतो. ऑगस्टमध्ये शाळेत नाव घातलंत की ऑफिसातून प्रवेशाचं पत्र लगेच मागून घ्या आणि विजेचं पहिलं बिल जपून ठेवा. इयत्ता इथल्या शाळेने दिलेली धरतात, पुण्यातल्या दाखल्यावरची नाही. थोरल्याचं हे शेवटचं वर्ष आहे, म्हणून नोंदणी यंदाच करा. याखेरीज कोलोरॅडो स्की कंट्री या संघटनेचा मुलांचा पासपोर्ट असतो. तो तिसरी ते सहावीच्या मुलांना मिळतो आणि शंभर डॉलरच्या आत येतो. त्यात संघटनेच्या सभासद डोंगरांवर प्रत्येकी चार दिवस असतात. एपिकचे डोंगर या संघटनेत नाहीत, त्यामुळे दोन्ही योजनांचे दिवस एकमेकांवर येत नाहीत.

मुलांना ब्रेकनरिजला न्यायचं तर तुम्हालाही तिथलं तिकीट हवं. त्यासाठी एपिक डे पास आहे. एक ते सात दिवस तुम्ही आधी ठरवून घ्यायचे आणि हंगामात वापरायचे. जितके दिवस जास्त, तितका एका दिवसाचा दर कमी. त्यात डोंगरांच्या तीन पायऱ्या असतात. ब्रेकनरिज आणि कीस्टोन मधल्या पायरीत येतात, व्हेल येत नाही. सगळ्यात महाग पायरी घ्यायचं तुम्हाला काहीच कारण नाही. दोन दिवस पुरेत.

प्रश्न: मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. सगळे पास बंद झालेले. ब्रेकनरिजच्या खिडकीवर एका दिवसाचा भाव बघून परत फिरले. आता यंदाचं वर्ष गेलंच का?

गेलं नाही, पण मोठी नावं यंदा सोडून द्या. खिडकीवरचा भाव मुद्दाम तसा ठेवलेला असतो. गर्दीच्या दिवसांत व्हेलला तो 300 डॉलरच्या वर जातो. लोकांनी बर्फ पडायच्या आधी पैसे भरावेत, म्हणजे बर्फ कमी पडला तरी कंपनीचं उत्पन्न पक्कं राहावं, असा सगळा डाव आहे. जानेवारीत येणारा माणूस त्यांच्या हिशोबात सुट्टीवर आलेला पाहुणा असतो.

तुमच्यासाठी चार वाटा आहेत. पहिली, लहान डोंगर. लेडव्हिलजवळचं कूपर, सलायडाजवळचं मोनार्क, ग्लेनवूड स्प्रिंग्जजवळचं सनलाइट, ग्रँड जंक्शनजवळचं पावडरहॉर्न. इथे तिकीट मोठ्या डोंगरांच्या निम्म्याहूनही कमी पडतं आणि रांग नसते. कूपरचा उतार नवशिक्यांना मानवणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या कॅम्प हेलमधल्या डोंगरी सैनिकांनी इथेच सराव केला होता. कोलोरॅडो स्की कंट्रीचं जेम्स कार्ड अशाच लहान डोंगरांसाठी आहे, त्यावर तिकिटात चांगली सूट मिळते. दोघं मिळून दोनदा गेलात तरी कार्डाचे पैसे वसूल.

दुसरी वाट ओळखीतून जाते. एपिक आणि आयकॉन, दोन्हींच्या पासधारकांना मित्रांसाठी सवलतीची तिकिटं मिळतात. पुष्कळांची ती वापराविना पडून असतात. ऑफिसात नुसतं विचारा. तिकीट पासधारकाच्या खात्यातून निघतं, त्यामुळे अनोळखी माणसाकडून इंटरनेटवर विकत घेण्याच्या फंदात पडू नका.

तिसरी, तिकीट खिडकीवर कधीच घेऊ नका. तेच तिकीट डोंगराच्या वेबसाइटवर आठवडाभर आधी स्वस्त असतं, आणि मंगळवार-बुधवारचं आणखी स्वस्त.

चौथी वाट मार्चनंतरची. लव्हलँडसारखे काही डोंगर पुढच्या हंगामाचा पास वसंतात विकायला काढतात आणि उरलेला हंगाम त्यात फुकट देतात. लव्हलँडचा पायथाच 3,290 मीटरवर आहे. एप्रिलमध्ये डेन्व्हरात झाडांना पालवी फुटलेली असते, तेव्हा तिथे बर्फ पक्का असतो. मार्च-एप्रिलमध्ये पास घेतलात तर दीड हंगाम एका किमतीत पडतो. जानेवारीत आल्याचा हा एकच फायदा आहे, तो घ्या.

प्रश्न: एपिक लोकल घेऊन फेब्रुवारीतल्या लाँग वीकएंडला व्हेलला गेलो. दारातल्या यंत्राने लाल दिवा दाखवला. पास तर चालू होता!

पास चालू होता, दिवस बंद होता. स्वस्त पासांवर गर्दीचे दिवस वगळलेले असतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरचे शुक्रवार-शनिवार, नाताळनंतर 31 डिसेंबरपर्यंत, जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा आणि फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेचा शनिवार-रविवार. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात. शिवाय एपिक लोकलवर व्हेल, बीव्हर क्रीक आणि कॅनडातलं व्हिस्लर मिळून दहाच दिवस मिळतात. त्याच दिवशी तुम्ही ब्रेकनरिजला गेला असतात तर दार उघडलं असतं. पास घेताना ठिकाणांची यादी सगळे वाचतात. वगळलेल्या तारखांची यादी त्याच पानावर खाली असते, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवा.

लाल दिव्याचं आणखी एक साधं कारण असतं. पासाचं कार्ड आणि मोबाइल एकाच खिशात असले की यंत्राला कार्ड वाचता येत नाही. कार्ड डाव्या खिशात एकटं ठेवायचं. बँकेची कार्डंसुद्धा त्या खिशात नकोत.

प्रश्न: हे आमचं दुसरं वर्ष. आता दहा-बारा दिवस नक्की होतील. बोल्डरला राहतो. एपिक लोकल की आयकॉन बेस?

डोंगरांची तुलना करत बसण्यापेक्षा घरापासूनचा रस्ता बघा. बोल्डरला राहत असाल तर एल्डोरा तुमच्या दारात आहे, जेमतेम 34 किलोमीटर, आणि आय-70 महामार्गाला हातही लावावा लागत नाही. नेडरलँडमार्गे सरकारी बसही जाते. एल्डोरा, विंटर पार्क आणि कॉपर तिन्ही आयकॉन बेसवर कितीही दिवस चालतात. एल्डोराला वारा फार, हे खरं. पण सकाळी आठला निघून दुपारी जेवायला घरी, असं दुसरीकडे कुठेच जमत नाही, आणि दहा-बारा दिवस भरायचे ते अशाच अर्ध्या दिवसांनी भरतात.

लिटलटन, लेकवूड, गोल्डन या बाजूला राहणाऱ्यांना उत्तर उलटं देऊ. आय-70 त्यांच्या घराशेजारून जातो, कीस्टोन साधारण 115 किलोमीटर पडतं, आणि 783 आणि 909 मधला 126 डॉलरचा फरक चौघांच्या घरात बराच होतो. मार्चमध्ये एपिक घेताना 49 डॉलर भरून बाकीचे सप्टेंबरात द्यायची सोय असते. किंमत मार्चचीच राहते.

प्रश्न: पासाखेरीज खर्च किती? सामान विकत घ्यावं की भाड्याने?

पहिल्या वर्षी मोठ्यांनी दिवसाच्या भाड्याने, मुलांनी पूर्ण हंगामाच्या भाड्याने. मुलांचे पाय वर्षात दोन मापं वाढतात. डेन्व्हर-बोल्डरमधली दुकानं सप्टेंबर-ऑक्टोबरपासून स्की, काठ्या आणि बूट एप्रिलपर्यंतच्या भाड्याने देतात. दर वेळी डोंगरावरच्या दुकानातून भाड्याने घेतलं तर तेवढे पैसे चार-पाच खेपांत जातात. बूट मध्येच लहान झाले तर बरीच दुकानं बदलून देतात, ते आधी विचारून घ्या. डोंगराच्या पायथ्याचं दुकान नेहमी महाग, शहरातलं स्वस्त. आदल्या संध्याकाळी सामान घेऊन ठेवलं तर सकाळची रांगही वाचते.

दुकानात एक फॉर्म भरायला देतात, त्यात नवे लोक हमखास चुकतात. वजन, उंची, वय आणि स्कीइंगचा प्रकार, म्हणजे नवशिके की तरबेज, असं विचारतात. त्या आकड्यांवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून तंत्रज्ञ बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा ताण ठरवतो. पडल्यावर खटका सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. वजन पौंडात विचारलेलं असतं. 70 किलोच्या माणसाने सवयीने 70 लिहिलं तर ताण मुलाएवढा ठेवला जातो आणि वळणावळणावर स्की पायातून निघते. 154 लिहा. उलट, लाजेपोटी स्वतःला तरबेज लिहिणाऱ्याचा खटका घट्ट होतो आणि सुटायच्या वेळी सुटत नाही. नवशिक्याने पहिला प्रकार लिहायचा. हा ताण घरी स्क्रू ड्रायव्हरने कधीच बदलू नका.

बुटाचं माप पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच लावून उभं राहा आणि अंगठ्यापर्यंत मोजा. 26 भरलं तर 26 किंवा 26.5. उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकायला हवा आणि गुडघे वाकवल्यावर जरासा सुटायला हवा. चपला घालायची सवय असलेल्यांना हे जाच वाटतं, मग ते एक माप मोठा बूट मागतात आणि दिवसभर आत पाय घसरत राहतो. मोजा एकच, लांब आणि पातळ. दोन मोजे घातले की रक्त फिरत नाही, आणि पाय उबदार राहायच्या ऐवजी गार पडतात.

कपड्यांवर पहिल्या वर्षी पैसे घालू नका. जाकीट आणि पँट पाण्याला दाद न देणारी हवी, एवढंच. जीन्स घालून गेलेला माणूस अर्ध्या तासात ओला असतो. गॉगल आणि हेल्मेट मात्र नवं घ्या. जुनी स्की घ्यायचीच तर ऑक्टोबरात भरणाऱ्या सामान-बाजारात घ्या, पण आधी बाइंडिंगचं मॉडेल दुकानदाराला दाखवा. ठरावीक वर्षांपेक्षा जुन्या बाइंडिंगला दुकानं हात लावत नाहीत, मग ती 50 डॉलरची स्की भिंतीवर टांगायच्या कामाची.

जेवणाचा खर्च तुमच्या हातात आहे. डोंगरावरच्या उपाहारगृहात दोघांचं साधं जेवण 50 डॉलर सहज घेतं. डबा नेलात तर बहुतेक पायथ्याच्या इमारतींत बसून खाता येतो. पोळीचा रोल फॉइलमध्ये गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. पाठीवरच्या पिशवीत ठेवलेला दुपारी दगड होतो.

प्रश्न: आमची गाडी साधी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. हिवाळ्यात डोंगरावर नेता येईल का?

येईल, पण टायर बघून. आय-70 वर मॉरिसन ते डोट्सेरो या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे कायद्याने दोनच चाकांना ओढ असलेल्या गाडीला हिवाळी किंवा बर्फ-चिखलाची खूण असलेले टायर हवेत, आणि त्यांची नक्षी किमान तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल हवी. नाहीतर साखळ्या गाडीत असायला हव्यात. नियम मोडल्याचा दंड 130 डॉलरच्या पुढे आहे, आणि गाडी अडकून रस्ता बंद पडला तर 650 च्या पुढे. भाड्याच्या गाडीचे टायर नियमात बसतीलच असं नाही, चावी घेण्याआधी वाकून बघा. आणि साखळ्या घेतल्या तर एकदा घराच्या अंगणात चढवून बघा. बर्फात, अंधारात, गार बोटांनी पहिल्यांदा चढवायला गेलं की हमखास उलट्या चढतात.

शनिवारी डेन्व्हरहून सहाच्या आत निघा. परतताना दुपारी दोन ते सहा रस्ता तुंबलेला असतो. एकतर एकला निघा, नाहीतर वाटेवरच्या फ्रिस्को गावात जेवून सातला. आयडाहो स्प्रिंग्जच्या आसपासची डावी टोल लेन गर्दीप्रमाणे भाव बदलते. त्यात चुकून शिरून मधेच बाहेर पडलात तर दंडाचं पत्र घरी येतं.

गाडीच नको असेल तर डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून विंटर पार्क एक्सप्रेस ही रेल्वे आहे. साधारण दोन तास लागतात. 1928 साली खुल्या झालेल्या, दहा किलोमीटर लांबीच्या मॉफट बोगद्यातून ती बाहेर पडते ती थेट लिफ्टच्या पायाशी. स्की खांद्यावर घेऊन दोनशे पावलं चाललं की रांगेत उभे. 2024-25 मध्ये एका बाजूचं भाडं 19 डॉलरपासून होतं. लवकर काढलं तरच ते मिळतं, शनिवारी जास्त पडतं. राज्याची स्नोस्टँग बसही शनिवार-रविवारी डोंगरांवर जाते. चढत्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवायची धास्ती असलेल्यांनी पहिला हिवाळा तिच्यावर काढावा. लव्हलँडला गाडी फुकट लागते, तर अरापाहो बेसिनला शनिवार-रविवारी जागा आधी राखावी लागते. निघण्यापूर्वी त्या डोंगराचं पार्किंगचं पान उघडा.

प्रश्न: फेब्रुवारीत सासू-सासरे येत आहेत. स्कीइंग करणार नाहीत, पण बर्फात जायचं आहे. त्यांचंही तिकीट काढावं लागेल?

नाही. ब्रेकनरिज गावातून डोंगराच्या पायथ्याशी जाणारी गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या डब्यांची लिफ्ट, सगळ्यांना फुकट आहे. वर जाऊन, मुलं शिकत असतात तिथे कठड्याशी बसून चहा पिता येतो. फ्रिस्को, ब्रेकनरिज, कीस्टोन यांच्यामध्ये फिरणारी समिट स्टेज बसही फुकट आहे. फ्रिस्को गावाच्या बागेत मोठ्या टायरट्यूबवर बसून घसरायची सोय आहे. ती तासाच्या तिकिटावर असते, शनिवारचं आधी राखावं लागतं. ट्यूबवर बसायला स्की यावी लागत नाही, पण कंबरेचं दुखणं असेल तर नको.

खरी काळजी उंचीची. मुंबईहून आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी 2,900 मीटरवरच्या ब्रेकनरिजला नेला तर डोकेदुखी, मळमळ, रात्रभर झोप नाही. आधी चार दिवस डेन्व्हरात राहू द्या, ते 1,600 मीटरवर आहे. पाणी भरपूर, पहिल्या दिवशी चालणं कमी. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या. श्वास लागला आणि बसूनही थांबेना, तर तिथे विश्रांती घेऊन उपयोग नाही, लगेच खाली उतरायचं.

प्रश्न: व्हिसावर आहे. पास घेतला आणि नोकरी गेली तर पैसे बुडाले का? नाहीतर कुणाला विकता येईल का?

विकता येणार नाही. पासावर तुमचा फोटो असतो आणि तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही. दुसऱ्याचा पास वापरताना पकडलं गेलं तर पास जप्त होतो. म्हणूनच "अर्ध्या किमतीत एपिक देतो" अशी जाहिरात दिसली की ती फसवणूक समजा. एपिकबरोबर विनाखर्च संरक्षण येतं. दुखापत, आजार किंवा आपल्या इच्छेविरुद्ध गेलेली नोकरी यासाठी परतावा मागता येतो. किती दिवस वापरला त्यावर रक्कम ठरते, एकदाही न वापरलेल्याला जास्त. नोकरी गेल्याचं कंपनीचं पत्र लागतं. ते शेवटच्या दिवशीच मागून घ्या, नंतर एचआरचा फोन लागत नाही. स्वतःहून नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेलात तर त्याला परतावा समजू नका. नोकरीची खात्री नसेल तर हंगामाच्या पासाऐवजी दोन-तीन दिवसांचा डे पास घ्या.

प्रश्न: डेन्व्हर नाही, आम्ही लोझानला जातो आहोत. हाफ-फेअर कार्डावर लिफ्टची तिकिटं अर्ध्या भावात मिळतील का?

रेल्वे अर्ध्या भावात मिळेल, स्कीच्या लिफ्टचं धरून चालू नका. 190 फ्रँकचं ते कार्ड प्रवासासाठी घ्याच. लोझानहून तुम्हाला सोयीचा आहे मॅजिक पास. 2017 साली सुरू झालेला हा पास मुख्यतः फ्रेंच भाषक भागातल्या लहान-मध्यम ठिकाणांचा आहे. लेझां, ग्रिमेंत्स-झिनाल ही त्यातली. अमेरिकेसारखंच इथेही वसंतात सगळ्यात स्वस्त आणि पुढे चढत जाणारा भाव. फरक असा की हा 1 मे ते 30 एप्रिल वर्षभर चालतो, म्हणजे उन्हाळ्यात डोंगरावर चालायला जातानाही लिफ्ट त्यातच. झेरमाट त्यात नाही. मोठ्या ठिकाणी दिवसाच्या तिकिटाचा भाव विमानासारखा तारखेप्रमाणे बदलतो, तेव्हा तारीख पक्की असेल तर आधी घ्या.

प्रश्न: जायला अजून वर्ष आहे. आत्ताच भारतात शिकून गेलो तर तिकडचे धड्यांचे पैसे वाचतील?

बरेच वाचतील. गढवाल मंडल विकास निगम औलीला सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा प्राथमिक वर्ग चौदा दिवसांचा असतो, आणि गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग संस्था आहे. राहणं, जेवण, सामान, शिक्षक सगळं धरून जी फी होते, तेवढ्यात व्हेलला मोठ्या माणसाचे दोन दिवसांचे धडेही होत नाहीत. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, जागा लवकर भरतात. वैद्यकीय दाखला लागतो.

औलीचा बर्फ बेभरवशाचा आहे, म्हणून जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य या काळातला वर्ग निवडा. सात दिवसांत थांबणं आणि दोन्ही बाजूंना वळणं एवढं नीट आलं तरी कोलोरॅडोत सरकत्या पट्ट्याचे दिवस टळतात. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या बाजूला जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेतो. तिथला उतार आखलेला नाही, हिमस्खलनाचा धोका असतो. शिकणाऱ्याने पहिल्या टप्प्याच्या खालच्या उतारांवरच राहावं.